होडी एकाची, नाव दुसऱ्याचं: व्ह्यूमुळे दर हंगामात परत उगवणारा घोळ

व्ह्यू म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीकडे नुसतं बोट दाखवणारा प्रकार, त्याच्याबद्दल पुढे येतंच. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते पटकन कळेल.

प्रोग्राम सी प्लस प्लसमधला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सोसायटीसाठी तो लिलावाच्या नोंदी वाचतो. वजनकाट्याजवळच्या कॉम्प्युटरवर फाइल तयार होते. एका ओळीत होडीचं नाव, मासा, वजन, दर आणि व्यापारी, मध्ये स्वल्पविराम. प्रोग्राम ती फाइल वाचतो, पावत्या छापतो आणि दिवसअखेर होडीवार गोषवारा काढतो. त्यात घोळ असा:

हातात मिळालेली पावती बहुतेक वेळा बरोबर असते, गोषवारा चुकतो. गोषवाऱ्यातही वजन बरोबर, रक्कम बरोबर, खालची एकूण बेरीज पैशापर्यंत जुळते. चुकतं फक्त नाव. सकाळी आधी लागलेल्या होड्यांची नावं बिघडतात, शेवटी आलेल्यांची शाबूत राहतात. काही नावांच्या मध्येच स्वल्पविराम आणि आकडे घुसलेले असतात, काहींच्या सुरुवातीला किंवा शेवटाला चौकटीतलं प्रश्नचिन्ह. आणि एखादी होडी गोषवाऱ्यात दोनदा येते.

हिशेब तपासणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण त्याची नजर बेरजेवर. दिसतं ते तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला. "अहो, आमच्या होडीला म्हाकूल कुठनं गावलं? आम्ही गेलो होतो सुरमईला," असं खिडकीशी येऊन कुणी म्हणालं की ऑफिसातले लोक टायपिंगची चूक समजून हातानं दुरुस्त करतात. असा घोळ वर्षभर टिकायला एवढं पुरतं.

दुसरी खूण म्हणजे हंगाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद. या दोन महिन्यांत फाइल एवढीशी असते आणि प्रोग्राम अगदी शहाण्यासारखा वागतो. नेमक्या याच काळात सगळ्यांना सवड असते, म्हणून दुरुस्ती आणि चाचणीही याच काळात होते. ऑगस्टमध्ये बंदी उठते, नारळी पौर्णिमेनंतर बंदर गजबजतं आणि घोळ परत हजर. मग कुणीतरी म्हणतं, प्रिंटर बदला. प्रिंटरचा यात काडीचाही संबंध नाही.

मुळात काय बिघडतंय

नोंदीच्या स्ट्रक्टमध्ये (एका नोंदीचे सगळे तुकडे एकत्र ठेवणारा साचा) नावाचं फील्ड स्ट्रिंग व्ह्यू प्रकारचं आहे. सी प्लस प्लस १७ मध्ये आलेला हा प्रकार म्हणजे फक्त दोन गोष्टी: अक्षरं कुठून सुरू होतात तो पॉइंटर आणि किती बाइट वाचायचे ती लांबी. ६४ बिट मशीनवर सगळे मिळून १६ बाइट. सी प्लस प्लस २० मधला स्पॅन त्याचाच भाऊ, तो अक्षरांऐवजी कुठल्याही प्रकारच्या सलग मेमरीवर चालतो. दोघांकडे स्वतःचं काही नाही. करारानं घेतलेल्या आंब्याच्या बागेसारखं आहे हे. मुदत आहे तोवर बिनधास्त आंबे उतरवा, पण कलमं तुमची नव्हेत, आणि मालकानं उद्या ती तोडली तर तुमच्या हातात नुसता गट नंबर उरतो.

व्ह्यूला मुदत कळत नाही. खालची मेमरी बदलली, हलली किंवा परत केली गेली तरी तो तोच पत्ता आणि तीच लांबी धरून बसतो. वजन आणि दर का चुकत नाहीत ते यावरून लक्षात येईल. त्यांचे आकडे वाचतानाच डबलमध्ये, म्हणजे दशांश आकड्याच्या फील्डमध्ये, उतरवून घेतले जातात, म्हणजे किंमत नोंदीत येते. नाव मात्र कधी उतरवून घेतलंच गेलं नाही.

पहिलं रूप: बफर पुन्हा भरला जातो

बफर म्हणजे फाइलचा तुकडा वाचून ठेवायची मेमरीतली जागा. वाचनाचा भाग साधारण असा होता. आराखडा म्हणून वाचा:

बफर = ४०९६ बाइट
जोवर (वाच(फाइल, बफर)):
  प्रत्येक ओळीसाठी:
    नोंद.नाव = ओळीचा पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचा व्ह्यू
    नोंद.वजन = आकडा(तिसरा तुकडा)
    नोंदी मध्ये नोंद ढकल

फाइल ४०९६ बाइटांत मावली तर वाच एकदाच होतं आणि सगळं ठीक. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, सगळं यूटीएफ-८ मध्ये तीन तीन बाइट खातं. त्यामुळे अशी एक ओळ ऐंशी बाइटांच्या आसपास सहज जाते, आणि पन्नासेक ओळी झाल्या की बफर भरला. पुढचं वाचन त्याच जागेवर येतं. आधीच्या पन्नासेक नोंदींचे व्ह्यू अजून त्याच जागेकडे बोट दाखवून उभे आहेत, आणि तिथे आता दुसऱ्याच होड्या आहेत.

हे रूप ओळखायची खात्रीची खूण आहे लांबी. लांबी जुनीच असते, मजकूर नवा. 'जय महालक्ष्मी' हे नाव ३७ बाइटांचं आहे. त्याच्या जागी 'गणेश' हे १२ बाइटांचं नाव आलं, तर व्ह्यू पुढचे २५ बाइटही ओढून घेतो. त्यात स्वल्पविराम येतो, 'बांगडा' येतं, वजनाचे एकदोन आकडे येतात. उलट झालं तर नाव मध्येच तुटतं. सुरुवात एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधल्या बाइटावर पडली की ते चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. काही जणांनी त्याला फाँटचा दोष ठरवून नवा फाँट बसवल्याचं मी पाहिलंय.

दोनदा दिसणारी होडीही याच रूपातली. होडीवार बेरीज ठेवणाऱ्या हॅश मॅपची की (ज्या नावावरून बेरीज शोधायची ते) व्ह्यू होती. की मॅपमध्ये शिरली तेव्हाच्या मजकुरावरून तिला खण मिळाला. नंतर खालचा मजकूर बदलला, पण की जुन्याच खणात पडून राहिली. आता यादी छापली तर दोन ठिकाणी 'सागर' दिसतं, आणि 'सागर' शोधायला जा तर कधी एक सापडतो, कधी एकही नाही. मॅपची की व्ह्यू असलेली दिसली की मी बाकी काही वाचण्याआधी तीच बदलतो.

दुसरं रूप: लहान नावांवरच संक्रांत

कोड आमच्याकडे आला तेव्हा वरचं रूप आधीच्या कुणीतरी ओळखून दुरुस्त केलेलं होतं, आणि तरी घोळ चालू होता. सगळ्यात जास्त डोकं खातं ते हेच. त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

दुरुस्ती वरवर पाहता चोख होती. नावांची वेगळी यादी केली होती, स्ट्रिंगचा व्हेक्टर, म्हणजे लागेल तशी वाढणारी सलग यादी. नवं नाव आलं की त्याची खरी कॉपी यादीत टाकायची, आधीच असेल तर नवी टाकायची नाही, आणि नोंदीत त्या कॉपीकडे बघणारा व्ह्यू ठेवायचा. बफर कितीदाही भरला जावो, यादीतल्या कॉपीला धक्का नाही. यादीसाठी सुरुवातीला ६४ नावांची जागाही राखून ठेवली होती.

आता ६५वी वेगळी होडी आली की काय होतं बघा. व्हेक्टरला नवी, मोठी जागा घ्यावी लागते. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांच्या लायब्ररीत ती दुप्पट होते, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत दीडपट. जुन्या स्ट्रिंग नव्या जागी हलवल्या जातात, जुनी जागा परत केली जाते. म्हणजे व्ह्यू सगळेच तुटायला हवेत. पण तुटतात ते फक्त लहान नावांचे. 'जय महालक्ष्मी' ठणठणीत, 'गणेश' गायब.

कारण स्ट्रिंगच्या पोटात आहे. लहान मजकुरासाठी वेगळी मेमरी मागायची नाही, तो स्ट्रिंगच्या ऑब्जेक्टमध्येच ठेवायचा, अशी युक्ती सगळ्या प्रमुख लायब्ररी वापरतात. जीसीसीच्या लायब्ररीत ही मर्यादा १५ बाइट, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतही १५, आणि क्लँगसोबत येणाऱ्या लिबसी प्लस प्लसमध्ये ६४ बिटवर २२. 'गणेश' १२ बाइटांचा, म्हणून तो ऑब्जेक्टमध्येच बसतो. ऑब्जेक्ट हलला की अक्षरंही हलली, आणि व्ह्यू परत केलेल्या जागेकडे बघत राहिला. 'जय महालक्ष्मी' मावत नाही, म्हणून त्याची अक्षरं बाहेर हीपवर, म्हणजे वेगळ्या मागून घेतलेल्या मेमरीत, असतात. ऑब्जेक्ट हलताना फक्त पॉइंटर नव्या घरी जातो, अक्षरं आहेत तिथेच. व्ह्यू तिथेच बघत होता, म्हणून वाचला. स्टँडर्ड याची कसलीही हमी देत नाही, नशीब म्हणा.

आपल्या नावांवर हे करून बघा, मजा येते. 'दर्या' मोजा: द, र, हलन्त, य, काना. पाच चिन्हं, १५ बाइट, जीसीसीत काठोकाठ आत बसलं, म्हणून तुटणार. 'ओम साई': पाच चिन्हं आणि एक रिकामी जागा, १६ बाइट. एका बाइटानं बाहेर गेलं, म्हणून वाचलं. 'एकवीरा' १८ बाइट: जीसीसीवर बांधलेला प्रोग्राम तो बरोबर दाखवतो, लिबसी प्लस प्लसवर बांधलेला तोच प्रोग्राम बिघडवतो. 'जय एकवीरा' २५ बाइट, दोन्हीकडे सुरक्षित. पुण्याच्या ऑफिसात मॅकवर एक दिसतं आणि बंदरावरच्या लिनक्सवर दुसरं, त्याचा उलगडा इथे होतो. तोवर दोन्हीकडचे लोक एकमेकांना खोटं ठरवत बसलेले असतात.

नावं इंग्रजी अक्षरांत लिहून केलेल्या चाचण्या इथे दगा देतात, हेही ओघानं आलं. इंग्रजीत लिहिलेलं 'एकवीरा' आत मावतं, देवनागरीतलं जीसीसीवर मावत नाही. चाचणीचा डेटा खऱ्या लिपीतच असला पाहिजे, आणि होड्या राखीव जागेपेक्षा जास्त. इथे राखीव जागा ६४ ची, म्हणून पावसाळ्यातल्या मूठभर बिगरयांत्रिक होड्यांवर घेतलेली चाचणी कितीही वेळा घ्या, हिरवीच येणार.

या रूपात मजकूर नेहमीच कचरा दिसेल असंही नाही. परत केलेली मेमरी लगेच पुसली जातेच असं नाही. कधी नाव जसंच्या तसं दिसतं, कधी पहिलं चिन्ह गळतं, कधी त्या जागी दुसरंच काही येऊन बसतं. "दहादा चालवला, नऊदा बरोबर आला" हे ऐकलं की मी याच दिशेनं शोधायला लागतो.

'मग राखीव जागा ५०० ची करा' हा उपाय सुचवणारे भेटतातच. त्यानं घोळ ५०१व्या होडीपर्यंत लांबतो, आणि तोवर तुम्ही नोकरी बदललेली असते.

तिसरं आणि चौथं, थोडक्यात

तात्पुरती स्ट्रिंग. नाव आणि नोंदणी क्रमांक जोडून तयार झालेली स्ट्रिंग सरळ व्ह्यूमध्ये घेतली, तर त्या ओळीच्या अर्धविरामाला स्ट्रिंग संपते आणि व्ह्यू लटकतो. स्ट्रिंग परत देणाऱ्या फंक्शनचा निकाल व्ह्यूमध्ये घेतला तरी तेच. क्लँग अशा सरळसोट ठिकाणी इशारा देतो. तो बंद करून ठेवलेला असेल तर आधी चालू करा. रेंज फॉर लूपच्या डोक्यावर तात्पुरत्या वस्तूवर मेथड लावून मिळालेल्या व्ह्यूचंही हेच दुखणं होतं. ते सी प्लस प्लस २३ मध्ये बरं झालं, पण जुन्या स्टँडर्डवर बांधत असाल तर अजून आहे.

व्ह्यूच्या शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही. सीच्या जुन्या फंक्शनना शून्य बाइट लागतोच. माशाचा तीन अंकी कोड आणि पाच अंकी वजन मध्ये जागा किंवा स्वल्पविराम न ठेवता सलग लिहिणारा एक वजनकाटा आमच्या वाट्याला आला. '०१७००४२५' मधला पहिल्या तीन अंकांचा व्ह्यू काढून त्याचा पॉइंटर जुन्या आकडे-वाचकाला दिला, तर तो तिसऱ्या अंकाला थांबत नाही, पुढचं वजनही कोडातच ओढतो. स्वल्पविराम असलेल्या फाइलवर हा दोष झाकलेला राहतो, कारण वाचक स्वल्पविरामाला आपोआप थांबतो. सी प्लस प्लस १७ मधलं फ्रॉम कॅर्स वापरा, ते सुरुवात आणि शेवट दोन्ही घेतं. दशांशाचे आकडे त्यानं वाचायचे तर जीसीसी ११ किंवा नंतरचा लागेल.

शोधायचं कसं

पहिला हात ॲड्रेस सॅनिटायझरवर, म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरीचा चुकीचा वापर पकडणाऱ्या हत्यारावर. जीसीसी आणि क्लँग दोघांतही आहे. बांधताना एफसॅनिटाइझ पर्यायाला ॲड्रेस ही किंमत द्या, डीबगची माहिती सोबत ठेवा, आणि ऑगस्टमधली एखादी भरगच्च खरी फाइल चालवा. प्रोग्राम साधारण निम्म्या वेगानं चालतो, मेमरीही जास्त खातो, पण लिलावाच्या फाइलला तेवढं परवडतं. दुसरं रूप यात लगेच सापडतं: परत केलेली हीप मेमरी वाचली, असा अहवाल येतो. त्यात तीन साखळ्या असतात. कुठे वाचलं, कुठे परत केलं, कुठे घेतलं होतं. बहुतेक जण पहिली साखळी बघतात आणि छपाईच्या फंक्शनमध्ये शिरतात. तुम्ही मधली बघा. तिथे व्हेक्टरची वाढ दिसली की रोग कळला.

आता सॅनिटायझरची मर्यादा. पहिलं रूप त्याला दिसत नाही. बफर परत केलेलाच नसतो, फक्त त्यावर दुसरं लिहिलेलं असतं. सॅनिटायझरच्या लेखी ती मेमरी जिवंत, वाचन कायदेशीर, तक्रार काही नाही. 'सॅनिटायझर चालवला, स्वच्छ आहे' असं सांगून प्रकरण मिटवलं जातं ते इथेच.

त्यासाठी डीबग बिल्डमध्ये दोनपैकी एक करा. सोपा मार्ग: प्रत्येक वाचनाआधी सगळा बफर '#' नं भरून टाका. वाचनानं भरून न निघालेल्या भागाकडे बघणाऱ्या व्ह्यूंत लगेच '####' दिसेल. शेवटचा तुकडा लहान असेल तेव्हा हे फार बोलकं होतं, पण तुकडा पूर्ण भरला की '#' पुसले जातात, म्हणून यावर अर्धाच भरवसा. पक्का मार्ग: डीबगमध्ये प्रत्येक वाचनासाठी नवा बफर घ्या आणि जुना परत करा. आता जुन्या व्ह्यूला हात लागताच सॅनिटायझर ओरडतो, आणि वाचणारी ओळ दाखवतो. एका मॅक्रोआड हा बदल राहू द्या, काढू नका. पुढच्या माणसाला लागणार आहे.

सॅनिटायझर बसवायची सोय नसलेल्या जुन्या मशीनवर एक गावठी तपासणी चालते. नोंद तयार होताना नावाची खरी कॉपी आणखी एका फील्डमध्ये ठेवा, आणि गोषवारा छापताना व्ह्यू आणि कॉपी जुळतात का बघा. पहिली न जुळणारी नोंद कितवी ते छापा. ती पहिल्या पन्नासात असेल आणि मजकूर दुसऱ्या होडीचा असेल, तर बफर. नाव १५ बाइटांच्या आतलं असेल, तर व्हेक्टर.

दुरुस्ती

व्ह्यू फंक्शनच्या अर्ग्युमेंटमध्ये शोभतो, स्ट्रक्टच्या फील्डमध्ये नाही. आमच्या टीममध्ये कोड तपासताना मी फील्डमध्ये स्ट्रिंग व्ह्यू किंवा स्पॅन दिसला की एकच प्रश्न विचारतो: मालक कोण, आणि तो या स्ट्रक्टच्या आधी मरणार नाही, हलणार नाही, बदलणार नाही याची खात्री कोण देतंय? उत्तर एका वाक्यात आलं नाही तर फील्ड स्ट्रिंग होतं, चर्चा संपली.

इथेही तेच केलं. नोंदीतलं नाव स्ट्रिंग, मॅपची की स्ट्रिंग. ओळ फोडणारी फंक्शन मात्र व्ह्यूच घेतात आणि व्ह्यूच देतात, कारण तिथे मुदत एका ओळीपुरती आहे आणि डोळ्यांसमोर आहे. मॅपमध्ये व्ह्यूनं शोधायचं असेल तर दर वेळी स्ट्रिंग बनवायची गरज नाही: साध्या क्रमवार मॅपला सी प्लस प्लस १४ पासून आणि हॅश मॅपला सी प्लस प्लस २० पासून वेगळ्या प्रकारच्या कीनं शोध घेता येतो, तुलना आणि हॅश पारदर्शक ठेवले की झालं.

'पण कॉपीचा खर्च?' हा प्रश्न ठरलेला. एका मोठ्या बंदराच्या दिवसभराच्या नोंदींची नावं कॉपी करायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ प्रिंटरचा कागद एक ओळ पुढे सरकायला लागतो. मोजून बघा आणि मग बोला.

खरोखरच डेटा प्रचंड असेल, म्हणजे नौकांवरच्या जीपीएसच्या दिवसभराच्या ओळी किंवा सोनारचे नमुने, तर कॉपीला दोन चांगले पर्याय आहेत. एक, सगळी फाइल एका मोठ्या स्ट्रिंगमध्ये घ्या आणि नोंदीत पॉइंटरऐवजी 'कितव्या बाइटापासून, किती बाइट' हे दोन आकडे ठेवा. स्ट्रिंग वाढून दुसरीकडे गेली तरी आकडे खरे राहतात. व्ह्यू लागेल तेव्हा तिथल्या तिथे बनवा आणि टाकून द्या. दोन, नावांची यादी हवीच असेल तर व्हेक्टरऐवजी डेक (तुकड्यातुकड्यांनी वाढणारी यादी) घ्या. डेकच्या शेवटी भर घातली तर आधीचे ऑब्जेक्ट जागचे हलत नाहीत, त्यामुळे 'गणेश' आणि 'दर्या'ही सुरक्षित. पण मधून कुणी नाव काढून टाकलं तर ही हमी जाते, तेवढं कोडात लिहून ठेवा.

अर्ग्युमेंटच्या नियमाला एक चोरवाट आहे. पावती छापायचं काम वेगळ्या थ्रेडकडे (प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या कामाकडे) होतं आणि त्याच्या रांगेत टाकायच्या फंक्शनला व्ह्यू अर्ग्युमेंट म्हणून जात होता. दिसायला अर्ग्युमेंट, प्रत्यक्षात साठवण. प्रिंटर हळू, वाचन जलद. रांग साठली की पावत्यांवरही दुसऱ्याची नावं. लॅम्डामध्ये पकडलेला व्ह्यू, टायमरला दिलेला, उशिरा चालणाऱ्या कॉलबॅकला दिलेला, सगळे याच जातीचे. फंक्शन परत आल्यावरही कुणी ते धरून ठेवणार असेल तर दारातच कॉपी.

दुसऱ्या भाषांत असाल तर

गोमध्ये कचरा गोळा करणारा (कुणी वापरत नसेल तीच मेमरी परत घेणारा) असल्यामुळे दुसरं रूप होत नाही, पण पहिलं हमखास होतं. ओळी वाचणाऱ्या स्कॅनरची बाइट्स ही मेथड आतल्या बफरचाच तुकडा देते आणि पुढच्या स्कॅनला त्यावर लिहिलं जाऊ शकतं, असं तिच्या माहितीतच आहे. तो बफरही ४०९६ बाइटांनी सुरू होतो, म्हणजे घोळ उमटायची वेळही आमच्यासारखीच. टेक्स्ट ही मेथड वापरा, ती कॉपी देते.

पायथनचा मेमरीव्ह्यू यात थोडा शहाणा आहे. त्यानं धरलेल्या बाइटॲरेचा आकार बदलायला गेलात तर बफर एरर येतो, म्हणजे दुसरं रूप तोंडावर आपटतं. पण त्याच बाइटॲरेमध्ये रीडइंटूनं पुन्हा वाचलं तर तो अडवत नाही. नमपायचे स्लाइसही व्ह्यूच असतात.

जावात ७ च्या सहाव्या अपडेटपर्यंत सबस्ट्रिंग मूळ स्ट्रिंगचीच ॲरे वापरायची. त्यातून उलटा आजार व्हायचा: दहा अक्षरांच्या तुकड्यापायी पूर्ण फाइल मेमरीत अडकून पडायची. नंतर ती कॉपी करायला लागली. गोच्या स्लाइसला हा आजार अजून होतो.

सी शार्पचा स्पॅन क्लासच्या फील्डमध्ये ठेवताच येत नाही, कंपायलर नकार देतो. पण त्याचा जोडीदार मेमरी ठेवता येतो, आणि ॲरे पूलमधून भाड्यानं घेतलेली ॲरे परत केल्यावरही तो तिच्याकडे बघत राहतो. रस्टमध्ये वरची दोन्ही रूपं बांधतानाच अडतात: व्ह्यू जिवंत असताना बफरमध्ये लिहू देत नाही, व्हेक्टरही वाढवू देत नाही. बंदरावरचा आमचा कोड रस्टमध्ये नाही, त्याला आता इलाज नाही.

मागचे गोषवारे

दुरुस्तीनंतर सोसायटीकडून पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे: आतापर्यंतचे हिशेब चुकलेत त्यांचं काय? मूळ फाइलवर प्रोग्राम काही लिहीत नाही, त्यामुळे त्या निर्मळ आहेत. दुरुस्त प्रोग्राम सगळ्या जुन्या फाइलवर परत चालवा आणि नवा गोषवारा जुन्याशी होडीवार ताडून बघा. फक्त एकूण बेरीज ताडू नका, ती जुळणारच. फाइल ४०९६ बाइटांपेक्षा लहान आणि होड्याही ६४ पेक्षा कमी, असे दिवस सोडून दिले तरी चालतात. ज्या दिवशी कुणीतरी हातानं नाव दुरुस्त केलंय तिथे मात्र प्रोग्रामचं ऐकू नका, पावतीची कार्बन कॉपी काढा आणि तांडेलाला बोलवा.